एकशे आठचा लेप

वैशाखातलं ऊन डोक्यावर आलं होतं. देवगाव फाट्यापासून कोसभर आत, एका पडीक रानात, शे-दोनशे माणसं उघड्यावर बसली होती. पुरुषांच्या पाठी उघड्या, बायकांच्या डोक्यावर पदर नाही. रानात एकुलतं एक लिंबाचं झाड होतं. त्याच्या सावलीत बाबाची जीप उभी होती.

"पोळतंय का?" बाबानं विचारलं.

"न्हाई!"

"घाम?"

"न्हाई!"

"कुनाच्या जिवावर?"

"एकशे आठच्या!" सगळ्यांत मोठा आवाज पहिल्या ओळीतल्या बायनाबाईचा होता.

लोक त्याला ऊनबाबा म्हणत. माणूस पन्नाशीचा, अंगानं तुकतुकीत, बोलायला गोड. त्याच्यापुढं तीन उतरंडी रचलेल्या होत्या, पत्र्याच्या लहान डब्यांच्या. एकीवर अकरा, दुसरीवर एकवीस, तिसरीवर एकशे आठ. सूर्याची बारा नावं जितक्या वेळा लेपावर म्हटली तितका त्याचा आकडा, आणि जितका आकडा तितक्या पटीनं ऊन मरतं, असा त्याचा हिशोब होता.

"सूर्य म्हंजे कलेक्टर हाय, मायबाप," बाबा सांगायचा. "कलेक्टरच्या दारात बिगर वशिल्याचं कोन उभं करतं? लेप म्हंजे वशिला. अकराचा वशिला तलाठ्याचा. एकवीसचा तहसीलदाराचा. आन् एकशे आठचा? त्यो थेट मंत्रालयातला!"

लोक खळखळून हसले. मग बाबानं भिंग काढलं. काळ्या कागदावर ऊन एकवटलं, कागदाला भोक पडलं, धूर निघाला. मग त्यानं तळहातावर बोटभर जाड लेप थापला आणि त्यावर भिंग धरलं. बायनाबाई मोठ्यानं आकडे मोजू लागली. शंभर झाले तरी हाताला काही नाही. बाबानं लेप निपटून गोरा तळवा चहूकडं फिरवून दाखवला, आणि रानभर जयजयकार झाला.

तिसऱ्या ओळीत माझी आई बसली होती. दोन वर्षांत पहिल्यांदा ती दिवसाउजेडी माणसांत बसली होती, आणि तिचा चेहरा इतका आनंदी होता की तिला हाक मारायला माझं तोंड उघडेना.

आईच्या आजाराला डॉक्टरांनी ल्युपस म्हटलं होतं. अंगातली शिपाईगिरी करणारी यंत्रणाच अंगावर उलटते, आणि ऊन तिला चिथावतं, असं त्यांनी औरंगाबादच्या दवाखान्यात समजावून सांगितलं होतं. नाकावरून दोन्ही गालांवर पसरलेला लाल डाग हे त्याचं वरचं रूप. खरा धोका आत, मूत्रपिंडांना. रोजच्या गोळ्या, लांब बाह्यांचं पोलकं, छत्री, भर उन्हात बाहेर पडणं बंद. वर एक पांढरं मलम, त्याच्या नळीवर पंधरा हा आकडा.

आमचं घर माळवदाचं. आत दिवसाही अंधार. आई त्या अंधारात दोन वर्षं बसून होती. छतातल्या सवण्यातून, उजेडासाठी ठेवलेल्या भोकातून, उन्हाचा कवडसा खाली पडे, तर त्यापासूनही हात आखडून घ्यायची. गावातल्या बाया आधी विचारपूस करायला येत. पुढं त्या येईनाशा झाल्या. "धुरपताबाईला भाईरचं लागलंय," असं पाणवठ्यावर ठरलं होतं.

मी ओळीतून वाट काढत तिच्यापाशी गेले. "आई, ऊठ. घरी चल."

"बस की गं तूबी. लय गार वाटायलंय."

"सकाळची गोळी घेतलीस?"

तिनं नजर फिरवली. "बाबा म्हनले, लेप आन् गोळी एका अंगात नांदत न्हाईत."

"गोळ्या कधीपासून बंद आहेत?"

मध्येच चंद्रभानमामा बोलला. आई त्याची थोरली बहीण. तोच तिला इथं घेऊन आला होता. "सुले, हितं तमाशा करू नगंस. अक्का दोन साल अंधारात कुजली. तुज्या डाक्टरनं काय केलं? कोंडून ठिवलं. बाबानं उजेडात आनली."

"मामा, उन्हानं तिच्या मूत्रपिंडांवर—"

"तू मास्तरीण हायस ना? मग सांग. डाक्टरच्या नळीवर पंधरा हाय. ह्या डब्यावर एकशे आठ हाय. मोटं कोनतं?"

आजूबाजूचे हसले. आईही हसली, मला वाचवायला हसावं तशी.

मामाच्या घाईला कारण होतं. महिनाअखेर त्याच्या मुलीचं लग्न होतं. पोर लहान असताना मामी वारली. तिला आईनंच न्हाऊ-माखू घालून वाढवलं होतं. आईला मांडवात बसायचं होतं. दुसरं काहीही नको होतं तिला. आणि मुहूर्त भर दुपारचा, मांडव उघड्या माळावर, तोही वर नुसता आंब्याचा डहाळा टाकलेला.

"मग लग्न गोरज मुहूर्तावर लावा," मी म्हणाले. "दिवस मावळताना. तोही चांगलाच मुहूर्त असतो की."

"व्हय, आन् पाव्हन्यांनी रातचं जावं कसं? नवऱ्याकडचे बाराचा म्हनायलेत. एका मानसापायी मी सोयरे रुसवू का?"

ते एक माणूस शेजारीच बसून ऐकत होतं.

मी एकशे आठचा एक डबा घेऊन सेलूला परत आले. तिथल्या शाळेत मी मराठी शिकवत होते. विज्ञान शिकवणारे रंगनाथ सर माझे सहकारी. मी सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी डबा उघडून वास घेतला, बोटभर लेप मनगटावर चोळला आणि फुंकर घातली.

"कापूर, पिपरमिंट, तूप आणि खडू," ते म्हणाले. "बाई, हा गारवा खरा नाही. पिपरमिंट कातडीला फक्त थंडीची आठवण करून देतं. अंग तेवढंच भाजत असतं, कळत मात्र नाही. उन्हात माणूस सावलीकडं पळतो तो चटका बसला म्हणून. ह्यानं चटकाच झोपवलाय."

"म्हणजे ती जास्त वेळ बसणार."

"जितका आकडा मोठा तितकं पिपरमिंट जास्त असणार. म्हणजे तितका जास्त वेळ."

मी त्यांना काय विचारणार हे त्यांनी ओळखलं असावं. त्या वर्षांत त्यांना आमच्या गावी या म्हणणं सोपं नव्हतं. विद्यापीठाच्या नावावरून तालुका धुमसत होता, आणि आमच्याच गावात बौद्धवस्तीचं दळण गिरणीवाल्यानं बंद केलं होतं. सर त्याच वस्तीचे जावई.

"ऐकतील माझं?" त्यांनी विचारलं.

"नाही ऐकणार."

"मग ऐकवायचं नाही. दाखवायचं." ते उठले. "कालव्याच्या ऑफिसात नकाशे छापायचा कागद असतो. बघतो मिळतो का."

पुढच्या रविवारी आम्ही दोघं त्या रानात पोचलो. आईच्या घोट्यांवर सूज होती. साडीच्या काठाखाली ती मला लांबूनच दिसली. गालावरचा डाग कपाळापर्यंत चढला होता. ती आजही तिसऱ्याच ओळीत होती.

बाबाचं भिंग फिरून झालं, जयजयकार ओसरला, तेव्हा सर पुढं झाले. "बाबा, मलाही करून बघू द्या."

"हे कोन?"

"नामांतरवाला मास्तर हाय," मागून कुणीतरी ओरडलं. "ह्यांना देव न्हाई न् धर्म न्हाई. काढा भाईर!"

दोघं-तिघं उठले. मी पुढं व्हायच्या आधी आईचा आवाज आला. "बसा खाली. माज्या लेकीसंगं आलेला मानूस हाय. बगू द्या त्याला काय बगायचं ते."

माझी आई चारचौघांत आवाज चढवणारी नव्हती. उठलेले बसले.

सरांनी पिशवीतून ज्वारीच्या पिठाचा गोळा काढला, तळहातावर जाड थापला आणि शाळेचं भिंग त्यावर धरलं. "बायनाबाई, मोजा."

बायनाबाई सवयीनं मोजू लागली. शंभर झाले. सरांनी पीठ निपटून तळवा दाखवला. काही नाही.

"भाकरीच्या पिठालाबी सिद्धी हाय मनायची का?" एक म्हातारा म्हणाला, आणि लोक दबकत हसले.

"काळा कागद ऊन पितो, म्हणून जळतो," सर म्हणाले. "पांढरा ओला गोळा ऊन परतवतो. वरून बाबा भिंग जरा वर-खाली करतात, ठिपका एका जागी टिकतच नाही. आणि बाबा हातावर बोटभर थापतात. तुम्ही अंगाला किती लावता?"

त्या डब्यात एका पाठीला पुरेल इतकाच लेप असायचा. लोक तो घरादाराला पुरवत.

सरांनी काचेचा तुकडा काढला. बायनाबाईला म्हणाले, "तुमच्या हातानं लावा. एक पट्टी कोरी सोडा. मग अकरा, एकवीस, एकशे आठ. जसं दंडाला लावता तसंच." तिनं लावलं. त्यापुढं मी डॉक्टरांच्या मलमाच्या दोन पट्ट्या ओढल्या, एक जाड, एक पुसटशी. मग सरांनी काळ्या कापडातून पिवळसर कागद काढून काचेखाली ठेवला आणि सगळं उन्हात धरलं.

"हा कागद तुम्ही पाहिलाय. कालव्याला जमिनी गेल्या तेव्हा निळ्या रेघांचे नकाशे आले होते ना? तोच. ह्याला ऊन लागलं की रंग मरतो. ऊन नाही लागलं तर अमोनियाच्या वाफेत निळा होतो."

थोड्या वेळानं कागद अमोनिया शिंपडलेल्या पत्र्याच्या डब्यात गेला. झाकण लावलं तरी डोळ्यांत पाणी आणणारा दर्प आला. बाबा म्हणाला, "जादूटोना करायलंय बगा!" पण लोक आता पुढं सरकले होते. जमीन गेलेल्यांना तो कागद चांगला ठाऊक होता.

झाकण उघडलं. जाड मलमाची पट्टी गडद निळी उमटली होती. पुसट मलमाची पट्टी फिकट. कोरी पट्टी पांढरीफटक. आणि अकरा, एकवीस, एकशे आठ? तिन्ही पांढऱ्या, खडूची गुठळी होती तिथं तेवढे निळे ठिपके.

बायनाबाईनं कागद हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. "तिन्ही सारखेच की वो," ती हळूच म्हणाली.

"कागद म्हंजे कातडी न्हवं!" बाबा गरजला. "कागदाला श्रद्धा नसती!"

"उन्हाला तरी कुठं असते, बाबा?" सर म्हणाले. "पण पहिलं बरोबर बोललात. कागद म्हणजे कातडी नाही. म्हणूनच डॉक्टरांच्या मलमाचा आकडा माणसांच्या पाठीवर मोजलेला असतो. तुमचा कुणाच्या पाठीवर मोजला?"

"एकशे आठ आवर्तनं केलेली हायेत!"

"ती तुमच्या तोंडाची मोजणी झाली. पाठीवर काय मोजलं?"

पुढचा प्रश्न आईचा होता. ती उठून उभी राहिली. "मास्तर, मग पंधराचं तरी खरं का? त्यो पंधरा कशाचा? पंधरा तासांचा?"

सर तिच्याजवळ गेले. "नाही मावशी. तासांचा नाही. पाठीवर दोन ठिगळं धरतात, एक उघडं, एक जाड मलमाचं. उघडं लाल व्हायला दहा मिनिटं लागली आणि मलमाखालचं दीडशे मिनिटांनी लाल झालं, तर पंधरा पट. म्हणून आकडा पंधरा. असं समजा की पंधरा दारांच्या कालव्यातली चौदा बंद केली. एक उघडंच राहतं."

"आन् तीसचं मलम आनलं तर?"

"तिसातलं एक उघडं. शंभराचं आणलं तर शंभरातलं एक. सगळी दारं बंद करणारं मलम नाही. आणि हे सगळं जाड थराचं. पातळ लावलं, घाम आला, पदरानं तोंड पुसलं, की दारं भराभर उघडतात. मलम म्हणजे सावलीला जोड आहे, मावशी. उन्हात बसायचा परवाना नाही."

"एका दारातल्या पान्यानंबी रात्रीतून वावर भरतं," आई म्हणाली.

"हो. आणि तुमचं वावर फार लवकर भरतं."

आईनं त्या कागदाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. पदर डोक्यावर ओढला आणि लिंबाच्या सावलीकडं चालू लागली. तिथं जीप होती. "बाबा," ती म्हणाली, "तुमची गाडी जरा उनात लावा. आमाला बसायचंय."

हसण्याची एक लाट उठली. बाबानं त्या हसण्यातच डबे गोळा करायला लावले आणि जीप सुरू केली. मला लिहायला आवडलं असतं की सगळे शहाणे झाले. तसं झालं नाही. निम्मी माणसं जीपमागं धावली. त्यात चंद्रभानमामाही होता. बायनाबाई मात्र झाडाखाली येऊन आईच्या शेजारी बसली, आणि तिनं आपल्या पदरानं आईच्या मानेवरचा लेप पुसून काढला.

आईला मी दुसऱ्याच दिवशी औरंगाबादला नेलं. डॉक्टरांनी लघवी तपासली, पुन्हा तपासली आणि मला बाहेर बोलावलं. गोळ्या तुटल्या होत्या आणि वर ऊन. दोन्हींनी मिळून मूत्रपिंडं निकामी होत चालली होती. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

मी वाचलेलं सगळं त्या वॉर्डात निरुपयोगी होतं. मी तिचे पाय चेपत बसे. बोटानं दाबलं की सुजेवर खड्डा पडे आणि तो भरून यायला वेळ लागे. मी तो भरायची वाट बघत असे.

लग्न ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी लागलं. त्याच संध्याकाळी मामाची पोर मुंडावळ्यांसकट, नवऱ्याला घेऊन वॉर्डात आली. मामा दारातच उभा राहिला. पोरीनं आईच्या छातीवर डोकं ठेवलं. आईनं तिच्या केसांतल्या अक्षता एकेक करून वेचल्या.

सगळे गेल्यावर ती मला म्हणाली, "सुला, कागद बगायच्या आधीच ठावं हुतं मला."

"काय?"

"लेपाचं. दिवसा गार वाटायचं, पन रातच्याला अंग पेटायचं. ताप यायचा. म्या कुनाला बोलले न्हाई."

"मग का जात होतीस, आई?"

तिनं हातातल्या अक्षता उशाशी ठेवल्या. "बायनाबाई माज्या हाताला हात लावून बसायची गं. दोन सालात कुनी बसलं हुतं का?"

त्यानंतरच्या आठवड्यात ती गेली.

दहाव्याला लोक आले. कुणी म्हणालं, लेप अर्धवट सोडला म्हणून सूर्यदेव कोपला. कुणी म्हणालं, नशीब. मामा माझ्यासमोर यायला तयार नव्हता. ऊनबाबा तोवर जिल्हा बदलून गेला होता आणि आता त्याचा आकडा हजारावर पोचला होता, असं कळलं. तेवढ्यात बाबाचा पत्ता शोधत सोनपेठकडची एक बाई आली. सोबत तरणी लेक, पदरानं गाल झाकलेली. तिनं मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, बाबा आता कुठं बसायलाय, ठावं हाय का तुमाला?"

तिला माझी आई कशानं गेली तेही ठाऊक नव्हतं.

मी त्या दोघींना आत बसवलं. सांगितलं सगळं: गारव्याचं, दारांचं, गोळ्यांचं. दवाखान्यात कोणत्या दिवशी, कोणत्या डॉक्टरांकडं जायचं ते सांगितलं. मुलगी ऐकत होती. मग तिनं विचारलं, "पन दिवसभर घरात बसून करायचं काय? कोन येतं?"

आता जे सांगायचं ते वाचणाऱ्यांना सांगते. कुणी तुमच्यापुढं आकडा नाचवला तर आधी विचारा की तो कशाचा, कुणी मोजला, कशावर मोजला. उत्तर आलं नाही तर उठून या. मग आकडा अकरा असो की हजार. खरा आकडा असेल तर त्याची हद्द विचारा, कारण खऱ्या आकड्यालाही हद्द असते आणि ती सांगायला खरा माणूस लाजत नाही. औषध चालू असेल तर कुणाच्या शब्दावर तोडू नका.

आणि शेजारी कुणी अंधाऱ्या घरात आजारानं बसलं असेल, तर तिला बाबा खोटा आहे एवढंच सांगून परत फिरू नका. आत जा. दार लोटून घ्या, म्हणजे ऊन येणार नाही. आणि तिच्या हाताला हात लागेल इतकं जवळ बसा.